नदाफ मॅडम आणि सतरा म्हशी

नदाफ मॅडम पहिल्यांदा माझ्याकडं आल्या त्या एक शब्द मागायला.

गारगोटीच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायचे, आठवीपासून बारावीपर्यंत. शिक्षकांच्या खोलीत खिडकीजवळची खुर्ची माझी. त्या दुपारी मी वह्या तपासत बसले होते, तेव्हा किरकोळ बांध्याची, तिशीतली एक बाई समोर येऊन उभी राहिली. डोक्यावर ओढणी, बोटांना खडू, कपाळावर आठी. अकरावी-बारावी विज्ञानाला संगणकशास्त्र शिकवायला तिला तासिका तत्त्वावर घेतलं होतं. म्हणजे कायम नोकरी नाही, दरवर्षी नवी नेमणूक. येऊन चारच दिवस झाले होते.

"बाई, मी नदाफ. 'क्लास'ला मराठीत चांगला शब्द द्या की."

"वर्ग," मी म्हटलं.

"तो न्हाय चालायचा. कालच वापरून बघितला. वर्ग म्हटलं की पोरं म्हणत्यात, मॅडम, आपला वर्ग दोन नंबरच्या खोलीत हाय."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि माझा चहा गार होईपर्यंत मला समजावत राहिल्या. सी प्लस प्लस नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहिताना आधी एखाद्या गोष्टीची व्याख्या लिहायची. तिच्याजवळ कोणती माहिती असते आणि तिला काय काय करता येतं, एवढं त्यात येतं. ती व्याख्या म्हणजे क्लास. मग त्या व्याख्येप्रमाणं हव्या तेवढ्या वस्तू तयार करायच्या. ती प्रत्येक वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. माहिती आणि काम एकाच जागी बांधलेलं, त्यामुळं प्रोग्राम कितीही मोठा झाला तरी कोण कुणाचं हे हरवत नाही.

मला निम्मं कळलं. पण शब्द मागायला आलेल्या माणसाला रिकामं कसं पाठवायचं? मी अमूर्तीकरण, आवेष्टन, बहुरूपता, वारसा असे पाचसहा शब्द कागदावर लिहून दिले. त्यांनी ते मोठ्यानं वाचले आणि कागदाची घडी घातली.

"शब्द चांगलेत बाई. पण हे ऐकून माझी पोरं कॉमर्सला जातील. मी शब्द इंग्रजीच ठेवतो, आणि अर्थ गोठ्यातनं आणतो."

ठेवतो, आणतो. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात. वीस वर्षं मी मुलींच्या वह्यांत ते 'ठेवते', 'आणते' असं सुधारत आले होते. मॅडमना सुधारायला माझी जीभ उचलली नाही.

त्या गावातल्याच. बाजारपेठेत त्यांच्या वडिलांचं गाद्यांचं दुकान होतं. कैक पिढ्या कापूस पिंजणारं घर. कॉलेजला जाणारी त्या घरातली पहिली मुलगी ही, आणि पाच वर्षं रोज एस.टी.नं कोल्हापूरला जाऊन-येऊन संगणकाची पदवी घेतलेली. दुकानात जाल तर म्हातारे नदाफचाचा गादीला टाका घालता घालता सांगत, "आमची मेहरून मशिनीला मराठी शिकवती." त्यांना कुणी दुरुस्त करत नसे.

मॅडमच्या वर्गात एका शब्दाला बंदी होती. तो म्हणजे 'सोपं'. "सोपं हाय म्हटलं की ज्याला येत न्हाय त्याला वाटतंय आपण ढ," असं त्या म्हणत. एकदा मुख्याध्यापक वर्गात डोकावले आणि कौतुकानं म्हणाले, "अरे, सोपं तर आहे हे!" मॅडमनी त्यांच्या हातात खडू दिला. "मग हे एवढं पुढचं लिहा की सर." सर आठवण झाल्यासारखं घड्याळ बघत निघून गेले.

दुसरी सवय हातांची. संगणकापुढं बसलेल्या मुलाची कितीही मोठी चूक होवो, मॅडम त्याच्या कीबोर्डला बोट लावायच्या नाहीत. दोन्ही हात पाठीमागं बांधून उभ्या राहायच्या. अर्धविराम राहिलेला त्यांना लांबून दिसायचा. क्लासच्या शेवटी कंस मिटल्यावर अर्धविराम लागतो आणि नवख्या मुलांचा हटकून राहतो. तरी त्या एवढंच म्हणायच्या, "कायतरी राहिलंय. वाच." मूल दहा मिनिटं शोधत बसायचं, घामाघूम व्हायचं. मॅडमचे हात मागंच.

एकदा मधल्या सुट्टीत मला त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या अर्धविरामानं माझी पोरं रडवली आज."

"माझी तर तो कधी वापरतच नाहीत," मी म्हटलं.

"आता वापरतील की."

आणि खरंच, त्या वर्षी बारावीच्या निबंधांत नको तिथंसुद्धा अर्धविराम पडायला लागले.

गोठ्यातनं अर्थ आणायचं त्यांनी नुसतं बोलून दाखवलं नव्हतं. पुस्तकात उदाहरणं होती वर्तुळाची आणि बँकेतल्या खात्याची. मॅडमनी अकरावीच्या फळ्यावर क्लासचं नाव लिहिलं: म्हैस. माहिती कोणती? नाव, कितवं वेत म्हणजे कितव्यांदा व्याली, रोजचं दूध. कामं, म्हणजे फंक्शन, कोणती? दूध दे, वैरण खा, आटून जा. वर्गातल्या बहुतेकांच्या दारात म्हैस होती. जे वर्षभर तोंड उघडत नव्हते ते हात वर करायला लागले. फॅट लिहायचं राहिलं मॅडम! मारकी हाय का न्हाय ते लिवा!

मग त्यांनी सगळ्यांना मैदानावर नेलं. प्रत्येकाला एक कोरा कागद देऊन नाव, वेत, दूध भरायला लावलं. प्रत्येक मूल एक ऑब्जेक्ट. मॅडम एका टोकाला उभ्या राहून हाक मारायच्या, "म्हैस तीन, दूध सांग!" आणि फक्त तिसऱ्यानं स्वतःच्या कागदावरचा आकडा सांगायचा. मी आठवीचा तास घेत खिडकीतनं बघत होते. माझी आठवी कविता सोडून तिकडंच बघायला लागली.

तेवढ्यात प्रियांका नावाची एक मुलगी रांगेतनं बाहेर आली. वाडीवरनं रोज चालत यायची, अंगानं काटकुळी, बोलायला तिखट.

"मॅडम, मी म्हैस न्हाय हुणार. पोरं आता वर्षभर चिडवतील."

मॅडम तिच्याजवळ गेल्या. आवाज चढवला नाही. "तू म्हैस न्हाईस. तू म्हशीची नोंद हाईस. म्हैस गोठ्यात हाय. मशिनीत म्हैस जात न्हाय, तिच्याबद्दल आपल्याला जेवढं लागतंय तेवढंच जातंय. काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे ठरवणं म्हणजे प्रोग्राम लिहिणं. कळलं?"

प्रियांकानं हातातल्या कागदाकडं बघितलं. मग म्हणाली, "मग मारकी हाय का ते लिवायला पायजे. धार काढणाऱ्याला लागतंय ते."

"लिही," मॅडम म्हणाल्या. प्रियांका रांगेत परत गेली.

दुसरा धडा दप्तरांचा. क्लासमधली काही माहिती खासगी असते. बाहेरच्यानं थेट तिला हात लावायचा नाही, मागायची. मॅडमनी एका मुलाला दुसऱ्याच्या दप्तरातली वही काढायला सांगितली. त्यानं झटकन काढली आणि त्या नादात डबा सांडला, भाजीचं तेल सगळ्या वह्यांना लागलं. "हे असं होतंय," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्याच्या दप्तरात हात घालायचा न्हाय. मागायचं. द्यायचं का न्हाय ते त्याचं तो बघंल." हा नियम त्यांनी शिक्षकांच्या खोलीतही लागू केला. त्यांच्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांनासुद्धा मिळायची नाही. "काय पायजे ते सांगा सर, देतो."

तिसरा धडा वारशाचा. एका क्लासवरनं दुसरा क्लास काढता येतो, आणि आधीच्याजवळ जे असतं ते पुढच्याला आपोआप मिळतं. ह्याला वारसा म्हणायचं. हा शब्द माझ्याकडनं नेलेल्यांपैकी एकटा टिकलेला. मॅडमनी समजावून सांगितलं तशी प्रियांका उभी राहिली.

"मॅडम, पोरीला बी मिळतंय?"

कुणीतरी हसलं. प्रियांका हसत नव्हती. तिच्या आईला तिच्या मामांनी त्याच महिन्यात हक्कसोड पत्रावर सही करायला बोलावून नेलं होतं. वाडीवर सगळ्यांना माहीत होतं, म्हणून हसू लगेच थांबलं.

मॅडमनी फळ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "मिळतंय. हितं पोरगा-पोरगी न्हाय. वारस म्हणून नाव लिवलं की मिळालं, कुणाची सही लागत न्हाय." मग त्या पुढं म्हणाल्या, "आणि आणखी एक. जे मिळालं त्यातलं जे पटत न्हाय, ते आपल्या पद्धतीनं परत लिहिता येतंय. बापाचं काम त्याच नावानं ठेवायचं, आतनं आपलं लिहायचं. माझ्या बापाचं काम पिंजायचं. मी बी पिंजतोच. पण कापूस न्हाय."

हे मला मॅडमनी सांगितलं नाही. प्रियांकानं माझ्या निबंधाच्या वहीत लिहिलं होतं. विषय होता 'माझी आवडती व्यक्ती'.

प्रियांकाची तुकडी बारावीत गेली आणि जूनच्या सुरुवातीलाच एका दुपारी शाळेवर वीज पडली. माणसाला इजा झाली नाही, पण संगणकांच्या खोलीतले चौदापैकी बारा संगणक जळाले. जळक्या वायरीचा वास आठवडाभर व्हरांड्यात होता. मुख्याध्यापकांनी मॅडमना बोलावलं. तेव्हा मी तिथंच होते, हजेरीपटावर सही करायला गेलेले.

"मॅडम, संस्थेचं म्हणणं असं आहे, की सतराच मुलं आहेत. आत्ताच विषय बदलून देऊ. फेब्रुवारीत बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा, आणि मशिनी दोन. मुलांचं नुकसान नको."

"विषय बदलला तर एका वर्षात दोन वर्षांचा अभ्यास करावा लागंल त्यांना. ते नुकसान न्हाय व्हय?"

"पण शिकवणार कशावर?"

"कंप्युटर जळाल्यात सर, विषय न्हाय जळाला. दिवाळीपर्यंत मशीन नसली तरी चालतंय मला. दिवाळीनंतरचं मी बघतो."

सरांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच "बघा मग" म्हणाले.

जून ते ऑक्टोबर ती मुलं व्हरांड्याच्या फरशीवर शिकली. मॅडम खडूनं चौकोन आखायच्या. एकेक चौकोन म्हणजे संगणकाच्या मेमरीतली एकेक जागा. मुलं वहीत प्रोग्राम लिहायची आणि ओळीओळीनं चालवायची. आकडा बदलला की चौकोनातला जुना पुसून नवा लिहायचा. प्रोग्राम चालवण्याआधी संगणक तो तपासतो, त्या तपासनिसाचं काम प्रियांकाला दिलं होतं. हातात लाल पेन. तिनं फक्त ओळीचा नंबर सांगायचा आणि 'चूक' म्हणायचं. काय चुकलं ते सांगायचं नाही. ती इतकी कडक झाली की मुलं म्हणायला लागली, मॅडम परवडल्या पण ही नको. आणि आठवड्यातनं एकदा दोन संगणकांपुढं सतराजणांची रांग. प्रत्येकाला वीस मिनिटं. वहीत शंभरदा चालवून आलेला प्रोग्राम पडद्यावर पहिल्या फटक्यात चालला की जो आरडाओरडा व्हायचा, त्याबद्दल शिक्षकांच्या खोलीत दोनदा तक्रार झाली.

दिवाळीनंतरचं मॅडमनी खरंच बघितलं. चार वर्षांपूर्वीच्या, त्यांच्या पहिल्या तुकडीतली अश्विनी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात नोकरीला लागली होती. तिथं जुने संगणक बदलून नवे आले होते आणि जुने एका खोलीत धूळ खात पडले होते. तिनं मॅडमना फोन केला. मॅडम मुदाळतिट्ट्यावर एस.टी. बदलून कागलला गेल्या. साहेब नाहीत. पुन्हा गेल्या. साहेब मीटिंगमध्ये. तिसऱ्यांदा साहेब भेटले आणि शाळेचं पत्र मागितलं. पत्रासाठी मुख्याध्यापक संस्थेला विचारतो म्हणाले, आणि संस्थेनं उत्तर दिलं नाही. मॅडम पत्र लिहून घेऊन रोज प्रार्थनेनंतर त्यांच्या दारात उभ्या राहायच्या. काही बोलायच्या नाहीत. आठव्या का नवव्या दिवशी सरांनी सही केली.

चौथ्या खेपेला मी त्यांच्याबरोबर गेले. का गेले ते सांगता येणार नाही. त्यांना एकटीनं जाताना बघून बरं वाटत नव्हतं, एवढंच. फाटकावरच्या रखवालदारानं त्यांना ओळखलं. "आलासा व्हय पावणं परत? आज साहेब हायत. जावा आत."

साहेब तरुण होते, पुण्याकडचे असावेत. म्हणाले, "मॅडम, फार जुन्या मशिनी आहेत. यावर आजचं काही चालणार नाही."

"आजचं नकोच मला," मॅडम म्हणाल्या. "माझ्या पोरांनी लिवलेलं चाललं की झालं."

नऊ संगणक मिळाले. ते आणायला गेलेल्या टेम्पोत नदाफचाचांनी दुकानातल्या जुन्या गाद्या अंथरल्या होत्या. "रस्त्यानं दणकं बसत्यात, मशिनीला लागंल," म्हणून म्हातारा स्वतः मागं बसून आला. नऊपैकी सात चालू झाले, उरलेल्या दोनांचे भाग काढून बाकीच्यांना लावले.

फेब्रुवारीत कोल्हापूरहून बाहेरचे परीक्षक आले. करड्या चेहऱ्याचे. मॅडमना नियमाप्रमाणं खोलीच्या एका कोपऱ्यात उभं राहायचं होतं. मी पाणी ठेवायच्या निमित्तानं दारात होते. प्रियांकाचा प्रोग्राम चालला. परीक्षकांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हे दूध तू खासगी ठेवलंयस. ते उघडं केलं तरी प्रोग्राम चालतो. मग खासगी कशाला?"

प्रियांकानं मॅडमकडं बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

"चालतंय सर," ती म्हणाली. "पण मग कोणबी येऊन माझ्या म्हशीला शंभर लिटर दूध लिवून जाईल. आता लिवायचं तर माझ्या फंक्शनला विचारायला लागतंय. आणि माझं फंक्शन तीसच्या वर घेतच न्हाय."

परीक्षकांनी तिला तो भाग चालवून दाखवायला लावला. तिनं शंभर टाकलं. पडद्यावर उत्तर आलं: 'एवढं दूध म्हैस देत नाही.' तेही मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. परीक्षक पहिल्यांदा हसले आणि मागं वळून म्हणाले, "कोणी शिकवलं हे?" मॅडम म्हणाल्या, "तिनंच लिवलंय."

सतरापैकी सोळा पास झाले. सतराव्याचा गणित विषय राहिला. त्याला मॅडमनी जुलैच्या परीक्षेपर्यंत स्वतः बसवून गणित करायला लावलं, आणि तोही सुटला. प्रियांका कोल्हापूरला संगणकाच्या पदवीला गेली. तिच्या आईनं त्या कागदावर शेवटी सही केली की नाही, ते मी विचारलं नाही.

आणि एवढं सगळं होऊन त्या जूनमध्ये आमच्याकडचा विषय बंद झालाच. मुलं कमी, मशिनी जुन्या, नेमणूक तात्पुरती. ठराव आधीच झालेला होता, तो आता वाचून दाखवला गेला. मुख्याध्यापकांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. मी मॅडमना म्हटलं, "तुम्ही काही बोलत का नाही?" त्यांनी मला एक कागद दाखवला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या ज्या ज्या शाळांत संगणकशास्त्र आहे त्यांची यादी. निम्म्या नावांपुढं बरोबरची खूण होती.

"एवढ्या ठिकाणी जाऊन आलो बाई. अजून एवढ्या ऱ्हायल्यात."

"आणि तिथंही नाही म्हणाले तर?"

"तर परत पहिल्यापासनं." त्यांनी यादीची घडी घातली. त्यांचे डोळे भरले होते. ओढणीनं पुसून त्या म्हणाल्या, "रडायला येतंय हो. पण त्यानं थांबायला पायजे असं थोडंच हाय?"

यादीत खालून तिसरी असलेली पेठ वडगावची शाळा त्यांना मिळाली.

गेल्या वर्षी मी निवृत्त होण्याआधी एका शिबिरासाठी वडगावला गेले होते. दुपारी मोकळी झाले आणि त्यांची शाळा शोधत गेले. व्हरांड्यात उभी राहिले तर तास चालू होता. मॅडमच्या केसांत पांढरं दिसत होतं, चष्मा आला होता. एका मुलीनं गृहपाठाचा लांबलचक प्रोग्राम दाखवला होता, एकही चूक नसलेला.

"कुणी लिवला?"

"फोननं," मुलगी खाली बघत म्हणाली. "सगळेच तसंच करतात मॅडम. विचारलं की तो लिहून देतो."

मला वाटलं, आता रागावतील. त्या रागावल्या नाहीत. "चांगला लिवलाय. फोनला येतंय हे कळलं. आता तुला येतंय का बघू." त्यांनी तिला फळ्यापाशी पाठवलं आणि स्वतः तिच्या रिकाम्या बाकावर, दुसऱ्या मुलीला सरकवून, बसल्या. "पहिल्या ओळीपासनं सांग. मी नवीन आलोय, मला काहीच येत न्हाय असं समज."

मुलीनं चार ओळी लिहिल्या आणि भरभर काहीतरी बोलली. मॅडमनी हात वर केला, शाळेतली मुलं करतात तसा, कोपर बाकावर टेकून.

"मला न्हाय कळलं. ऑब्जेक्ट कुठं तयार झाला?"

मुलगी थांबली. फळ्याकडं बघत राहिली. मॅडमचा हात वरच होता. माझी कोल्हापूरची एस.टी. पाच मिनिटांत होती, म्हणून मी आवाज न करता मागं फिरले. पायऱ्या उतरताना मला ऐकू आलं ते फळा पुसल्याचं, आणि मग त्या मुलीचं, "थांबा मॅडम, परत सांगतो."